संगीत नाटकातलं नृत्य बसवताना

गाणं हाती आलं की आधी वही उघडा. स्टेप्स नंतर. मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजा. १२० ठोक्यांचं ४ मिनिटांचं गाणं म्हणजे ४८० ठोके, आठ-आठच्या ६० ओळी. तेवढ्या ओळी आखून प्रत्येकीपुढे शब्द, वाद्यांचा तुकडा आणि कोण गातंय ते लिहा.

बडोद्यात हमखास गोंधळ होतो तो हींच (गरब्यातला ताल) किंवा दादऱ्याच्या गाण्यात. ताल ६ मात्रांचा आणि मोजणी आठाची, मग दोन्हींची सम, म्हणजे पहिली मात्रा, २४ मात्रांनी एकदाच जुळते. मधल्या वेळात प्रत्येकाचा हात वेगळ्या जागी उठतो. सहाचं गाणं सहानेच मोजा.

एका शास्त्रीय शैलीचा पाया हवाच. सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत भरतनाट्यम आणि कथक दोन्ही शिकता येतात. एकच अडवू (भरतनाट्यममधली मूळ पावलं) तीन लयींत करण्याची तालीम या कामात रोज उपयोगी पडते, कारण नाटकाच्या गाण्याची लय शेवटच्या आठवड्यातही बदलते.

नट स्वतः गात असेल तर तानेच्या आधीच्या दोन आवर्तनांत त्याला गिरकी किंवा उडी देऊ नका. दम लागतो आणि सूर उतरतो. ती हालचाल कोरसकडे द्या, नटाला नुसतं चालू द्या. प्रेक्षकांना ते संथ वाटत नाही, उलट नजर त्याच्यावरच राहते.

मंच स्वतः मोजा, तोही नेपथ्य उभं राहिल्यावर उरेल तेवढा. अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात प्रयोग असेल तर तिथली उरलेली जागा तालमीच्या हॉलमध्ये चिकटपट्टीने आखा, मध्यरेषा आणि दोन्हीकडच्या पाव-खुणांसकट (मध्यरेषा आणि कड यांच्या अधोमध खूण). हॉल लहान पडत असेल तर गच्ची शोधा. लहान जागेत बसवलेली पावलं मोठ्या मंचावर खुणेपर्यंत पोहोचतच नाहीत. आठ जणांना विंगेत जायला निदान दोन आठ, म्हणजे सोळा ठोके, राखून ठेवा, नाहीतर शेवटचे दोघं पुढच्या प्रवेशात उभे दिसतात. शेवटच्या तालमी आरशाकडे पाठ करून घ्या.

नऊवारी पहिल्या आठवड्यापासून नेसवा. शिवलेली नऊवारी मांडीत तंग असली तर खाली बसता येत नाही, आणि नेसलेलीचा काष्टा लांब पावलात सुटतो. हे रंगीत तालमीत कळलं तर स्टेप बदलायला वेळ उरत नाही.

चित्रपटात जागेचं गणित उलटं होतं. कॅमेऱ्याची चौकट लेन्सजवळ अरुंद आणि मागे रुंद असते. म्हणून मंचासारखी लांब रांग पुढे लावली की कडेचे कापले जातात. थोडे पुढे, बाकीचे मागे पसरवा. प्रत्येक शॉट हव्या त्या ओळीच्या दोन आठ आधी सुरू करा आणि एक आठ पुढे न्या, म्हणजे संकलकाला जोडायला जागा मिळते. शॉट कोणत्या पायावर संपला ते सहाय्यकाने लिहून ठेवावं. सेकंदाला ४८ फ्रेमने चित्रण करून २४ ने दाखवायचं असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. ओठ जुळतात, अंग मात्र संथ दिसतं.

सुरुवात सहाय्यक म्हणूनच करा. मोजणी लिहिणं, कोरसला शिकवणं, गैरहजर नर्तकाच्या जागी उभं राहणं ही कामं येईपर्यंत स्वतंत्र गाणं घेऊ नये. घेताना तालमीचे दिवस, सहाय्यकाचं मानधन आणि जास्तीच्या प्रयोगांचा हिशोब वेगवेगळा लिहून घ्या.