एकल-अणू उत्प्रेरक तयार करताना या चुका टाळा

एकल-अणू उत्प्रेरकात धातूचे अणू आधारद्रव्यावर, बहुधा नायट्रोजनयुक्त कार्बनवर, सुटे बसलेले असतात. मात्र अणू सुटे आहेत आणि अभिक्रिया त्यांनीच घडवली, हे दोन वेगळे दावे आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागतात.

लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरकात पहिली चूक भट्टीत नमुना ठेवण्याआधीच होते. लोहाचा क्षार जास्त पडला, की ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास अणू सरकून एकत्र येतात आणि त्यांचे नॅनोकण बनतात. आम्लाने धुतल्यावर उघडे कण विरघळतात, पण ग्राफाइटच्या आवरणात अडकलेले तसेच राहतात. म्हणून धुण्यावर भिस्त न ठेवता क्षाराचे प्रमाणच कमी करावे.

सूक्ष्मदर्शकातील सुट्या ठिपक्यांचे एखादे सुंदर चित्र पुरावा म्हणून पुरेसे नसते, कारण त्यात नमुन्याचा अगदी नगण्य भाग दिसतो. क्ष-किरण शोषण वर्णपट संपूर्ण नमुन्याची सरासरी सांगतो, पण त्या सरासरीत थोडेसे पुंजके सहज लपतात. दोन्ही तपासण्या हव्यात.

सर्वांत फसवी चूक मात्र विद्युत-रासायनिक सेलमध्ये होते. आम्लात हायड्रोजन निर्मितीची चाचणी चालू असताना विद्युतप्रवाह प्रत्येक फेऱ्यागणिक वाढत गेला, तर उत्प्रेरक 'सक्रिय होत आहे' असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात काउंटर इलेक्ट्रोड (विद्युतमंडल पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचा असेल, तर त्यातून विरघळलेले प्लॅटिनम आपल्या नमुन्यावर जमा होऊन तेच हायड्रोजन बनवत असण्याची दाट शक्यता असते. अशा चाचणीत काउंटर इलेक्ट्रोड म्हणून ग्राफाइटची कांडी वापरावी, दोन्ही इलेक्ट्रोडांच्या कक्षांच्या मधोमध आयन जाऊ देणारे पटल ठेवावे आणि धातू न घातलेला नमुनाही त्याच पद्धतीने तपासावा. अल्कलीत ऑक्सिजन निर्मिती तपासताना पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील लोहाचा अंशही असाच घात करतो, विशेषतः निकेलच्या उत्प्रेरकांबाबत.

इंधन-घटासाठी ऑक्सिजनचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून त्याचे पाणी होणे) तपासताना इलेक्ट्रोडवर उत्प्रेरकाचा जाड थर देणेही टाळावे. अशा थरात तयार झालेले हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडण्याआधीच पुढे क्षपित होते आणि निवडकता (पेरॉक्साइडऐवजी थेट पाणी बनण्याचे प्रमाण) आहे त्यापेक्षा चांगली भासते. ते पेरॉक्साइड लोहाच्या संपर्कात हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील कण) निर्माण करून कार्बन झिजवते, त्यामुळे पातळ थरावर कडे-चकती इलेक्ट्रोडने (यात चकतीवर बनलेले पेरॉक्साइड भोवतीच्या कड्यावर मोजले जाते) त्याचे मापन करणे टिकाऊपणासाठीही आवश्यक आहे.

चाचणीनंतरची तपासणी बरेच जण वगळतात. तांब्याबाबत तर तीही अपुरी पडते: कार्बन डायऑक्साइडच्या क्षपणात ऋण विभवाखाली (ऋण विद्युतदाब लावलेला असताना) सुटे अणू पुंजके बनवू शकतात आणि विभव काढल्यावर पुन्हा सुटे होऊ शकतात. त्यामुळे तांब्याचा वर्णपट अभिक्रिया चालू असतानाच घ्यावा.