माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेला दुचाकींची साथ कशी द्यावी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००५ साली ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ हा स्वयंसेवी दुचाकीस्वारांचा गट उभा राहिला. सैनिकांच्या अंत्यविधीसमोर घोषणा देणाऱ्या एका धर्मगटापासून शोकाकुल कुटुंबाला आडोसा द्यावा, हा त्यामागचा हेतू होता. कुटुंबाने बोलावल्याखेरीज जायचे नाही, हा त्यांचा दंडक आहे. नाशिकमध्ये तसे निदर्शक नाहीत, तरीही देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिकरोड कॅम्पचे तोफखाना केंद्र यांमुळे सैन्याशी नाते असलेल्या या शहरात असा उपक्रम करू पाहणाऱ्यांनी तो दंडक जसाच्या तसा उचलावा.

आपल्याकडची खरी अडचण वेळेची आहे. तिकडे अंत्यविधी काही दिवसांनी होतो, तर इथे पहाटे निधन झाले तर दुपारपर्यंत सारे आटोपलेले असते. त्यामुळे तयारी आधीच हवी. १९७१च्या युद्धात लढलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या माजी सैनिक संघटनांशी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी आधीपासून ओळख ठेवावी, म्हणजे निरोप वेळेत मिळतो. निरोप आल्यावर गटातील एकानेच, शक्यतो वयस्कर माणसाने, घरातील कर्त्या व्यक्तीला विचारावे : ‘काका, तुमची हरकत नसेल तर आम्ही शववाहिनीच्या पुढे गाड्या घेऊन चालतो.’ उत्तरात जरा जरी चाचरणे जाणवले, तरी गाड्या घरी ठेवून साधेपणाने अंत्ययात्रेत सामील व्हावे.

त्यानंतर संबंधित पोलीस ठाण्याला आणि शहर वाहतूक शाखेला मार्ग, वेळ आणि गाड्यांची संख्या लेखी कळवावी. स्वयंसेवकाला रस्ता अडवण्याचा कोणताही अधिकार नाही, हे सर्वांना बजावून सांगावे. नाशिकरोडहून पंचवटीच्या अमरधाम स्मशानभूमीकडे जायचे असेल तर दत्तमंदिर, उपनगर आणि गांधीनगर ओलांडून द्वारका चौकात यावे लागते, आणि तिथल्या कोंडीत रांग तुटतेच. तुटली तर तुटू द्यावी. पुढच्यांनी चौक ओलांडून डावीकडे थांबावे. मागे राहिलेल्याने सिग्नल तोडून गाठण्याचा प्रयत्न करू नये.

दहा-बारा गाड्या पुरेशा होतात. पन्नास गाड्या आल्या की ती रॅली वाटू लागते. दोन रांगांत, एकमेकांच्या तिरक्या अंतराने, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने चालवायचे असते, आणि हे वाटते तितके सोपे नाही. आमच्या पहिल्याच खेपेला एका बुलेटची क्लचची तार ऐन मिरवणुकीत तुटली आणि मुलांना ती ढकलत रस्त्याकडेला न्यावी लागली. एअरकूल्ड इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ रांगत राहिले की तापते. म्हणून एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर सराव करावा, आणि निघण्यापूर्वी तार, ब्रेक व चाकांतील हवा तपासावी. फटाक्यासारखा आवाज काढणारा बदललेला सायलेन्सर असलेल्यास सरळ घरी पाठवावे. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय शववाहिनीत बसलेल्या मुलीच्या कानावर तो पडणार असतो. हेल्मेट सर्वांनी घालावे, हॉर्न कोणी वाजवू नये.

सर्वांत जास्त चुका राष्ट्रध्वजाच्या बाबतीत होतात. १९७१च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्काराखेरीज पार्थिवावर तिरंगा पांघरता येत नाही, आणि निवृत्त सैनिकाला लष्करी इतमाम मिळेलच असे नसते. तेव्हा केवळ उत्साहापोटी आपण तिरंगा नेऊन पांघरू नये. अधिकृत मानवंदना असेल तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात, आणि चितेला अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतात. ते काम लष्कराचे अथवा पोलिसांचे असते, आपले नाही. गाडीच्या टाकीवर वा मागच्या सीटवर तिरंगा अंथरणेही ध्वजसंहितेला धरून नाही. दंडावर काळी फीत पुरते.

अमरधामच्या अलीकडेच गाड्या एका बाजूला लावाव्यात, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या रिक्षांना वाट राहते. हेल्मेट काढून दुतर्फा उभे राहावे, पार्थिव समोरून जाईपर्यंत सावधान स्थितीत थांबावे. बिगुल वाजत असेल तर मोबाइल खिशातच राहू द्यावा. ‘अमर रहे’च्या घोषणेला आपण सुरुवात करू नये, गावकऱ्यांनी दिली तर साथ द्यावी. निफाड-सिन्नरकडच्या गावांत सजवलेल्या ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघते आणि सारा गाव पायी चालतो. तिथे गाड्या वेशीवरच ठेवून चालणे बरे.

परतताना इंजिन तिथेच सुरू करू नये. गाडी हाताने ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावी, आणि एकेकाने निघावे. दहाव्याच्या विधीसाठी कुटुंब रामकुंडावर येणार असेल, तर त्या दिवशी गटातील एक-दोघांनी, या वेळी गाडी दूर लावून, भेटून यावे.