दारूपायी माणूस रस्त्यावर आलाय, मदतीला सुरुवात कुठून करायची

आमचा मामा दारूपायी घर सोडून गेला आणि सात-आठ महिने एसटी स्टँडवरच झोपायचा. आम्ही तेव्हा सगळं उलटं केलं, आधी त्याला कोंडलं, मग दवाखाना शोधला, म्हणून हे लिहितेय.

रोज सकाळपासून पिणारा असेल, प्यायला मिळाली नाही की हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर त्याची दारू एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, माणूस बडबडतो, घरच्यांना ओळखत नाही, आणि यात जीवही जातो. आम्हाला वाटलेलं नाटकं करतोय. तर आधी सरकारी हॉस्पिटल, केसपेपर काढा, मानसोपचार विभाग विचारा, आणि डॉक्टरांना खरं सांगा, रोज किती, शेवटची कधी घेतली, लाजून कमी सांगितलं तर औषधाचा अंदाज चुकतो. फिट आली किंवा शुद्ध गेली तर वाट बघू नका, सरळ 108.

आधार नाही, रेशन कार्ड नाही म्हणून मागे फिरू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक आजार धरलेत आणि बेघर माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार फुकट मिळायला हवेत, बीपीएल कार्ड नसलं तरी. अडवलं तर भांडू नका, हॉस्पिटलचे समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा आणि त्यांच्यासमोर जाऊन बसा, आमचं काम तिथेच झालं.

आता राहायचं. मोठ्या शहरांत महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात, लाखभर लोकवस्तीमागे एक तरी हवं असा नियम आहे, पालिकेत बेघर निवाऱ्यांचं काम कोण बघतं ते विचारलं की पत्ता कळतो. पण प्यायलेल्या माणसाला बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत, मामाला रात्री अकराला असंच दारातून परत पाठवलेलं, मला फार राग आला होता, पण आत म्हातारी माणसंही झोपलेली असतात हे नंतर कळलं. म्हणून डिस्चार्जच्या आधीच निवाऱ्यात बोलून ठेवा, नाहीतर हॉस्पिटलच्या गेटमधून माणूस सरळ स्टँडवर जातो आणि स्टँडच्या मागेच गुत्ता असतो.

व्यसनमुक्ती केंद्र याच्यानंतर. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे, तिथला उपचार 35 दिवसांचा असतो. बाकी केंद्रं कुठे आहेत ते 14446 वर विचारा, ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन. रात्री-बेरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तुम्हालासुद्धा, तर टेलिमानस 14416, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात. बहुतेक केंद्रं सोबत नातेवाईक मागतात, कुणीच नसेल तर निवाऱ्यातल्या लोकांना बरोबर येता का विचारून बघा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्यांच्या मीटिंगला फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच अट, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, मामी तिथे जायला लागली तेव्हा कुठे तिला रात्रीची झोप लागायला लागली.

आणि प्लीज, भाजीत किंवा चहात गुपचूप घालायच्या पावडरी आणू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर तो माणूस दारू प्यायला तर बीपी एकदम खाली जातं, डॉक्टरांच्या देखरेखीत आणि पेशंटला सांगूनच द्यायचं औषध आहे ते.

मामा दोनदा स्लिप झाला, म्हणजे सोडून पुन्हा प्यायला लागला. प्रत्येक वेळी पुन्हा केसपेपर, पुन्हा निवारा, कंटाळा येतो, रडूही येतं, पण दुसऱ्या वेळी सगळं निम्म्या वेळात झालं कारण कुठे जायचं ते पाठ झालेलं. अशा माणसाकडे मोबाईल टिकत नाही, म्हणून निवाऱ्याचा पत्ता, केसपेपरचा नंबर आणि घरचा एक फोन नंबर कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. दुसऱ्यांदा मामा पुलाखाली पडलेला होता तेव्हा एका अनोळखी रिक्षावाल्याने ती चिठ्ठी वाचून आम्हाला फोन केला.