विलीनीकरणात दोन कंपन्यांचा डेटा एकत्र करताना या चुका टाळा

एनसीएलटीचा (विलीनीकरणाला मंजुरी देणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा) आदेश आला की कागदोपत्री दोन कंपन्यांची एक होते. आतले कोड, खाती, एक्सेल शीट मात्र तशीच वेगळी राहतात. बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो. डेटा हलवण्याची घाई असते, समजून घेण्याची नसते.

सिस्टीमची यादी फक्त आयटी विभागाकडून घेणे

आयटीच्या यादीत एसएपी, टॅली, पगाराचे सॉफ्टवेअर, मेल एवढे सापडते. डीलरचा डिस्काउंट ज्या एक्सेलमध्ये काढतात ती शीट त्यात नसते, आणि गोदामातला बारकोडचा जुना प्रोग्रामही नसतो. म्हणून आणखी तीन ठिकाणी शोधा. मागच्या २४ महिन्यांची सॉफ्टवेअर आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) बिले लेजरमधून काढा. रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबची यादी घ्या आणि कोणती फाइल कुठून कुठे जाते ते लिहा. महिनाअखेरीला अकाउंट्सच्या माणसाशेजारी बसून तो काय काय उघडतो ते पाहा. तिमाही टीडीएस आणि वर्षातून एकदा होणारा बोनस यांची कामे एका महिन्यात दिसणार नाहीत, ती मुद्दाम विचारावी लागतात. मालकी बदलल्यावर प्रत्येक लायसन्स नव्या कंपनीला वापरता येते का, हेही करारात तपासा.

पुरवठादारांची यादी नावावरून जुळवणे

एकाच बिलाचे पैसे दोनदा दिले गेले, तर आधी व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांची मुख्य यादी, तपासा. दुबार बिल पकडणारी तपासणी सहसा व्हेंडर कोड आणि बिल नंबरावर चालते. तोच पुरवठादार दोन कोडने बसला असेल, तर बिल नंबर सारखा असूनही सिस्टीम गप्प राहते. नावावर विसंबू नका, कारण एकीकडे ‘श्री गणेश ट्रेडर्स’ असते आणि दुसरीकडे ‘गणेश ट्रेडर्स, पुणे’.

जुळवणी पॅनवर करा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. त्यामुळे ज्याचा पॅन नोंदवलेला नाही, त्याचाही तिथून काढता येतो. पण पॅन एक म्हणून सगळ्या ओळी एक करू नका. नाशिक आणि गोव्यातले वेर्णा इथल्या शाखांचा पॅन एकच, जीएसटी क्रमांक मात्र दोन. पुरवठादार एक ठेवा, पत्ते दोन ठेवा, नाहीतर बिल भलत्या क्रमांकावर चढते आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकते. एकट्या मालकाच्या व्यवसायात पॅन मालकाचाच असतो. त्याची दोन दुकाने दोन बँक खात्यांची असू शकतात, म्हणून तिथे विचारल्याशिवाय हात लावू नका.

बँक खाते दोन याद्यांत वेगळे दिसले, तर ‘नवीन तारखेचे खरे’ असा नियम लावू नका. आधीपासून नोंद असलेल्या फोन नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. ‘आमचे खाते बदलले आहे’ अशा खोट्या मेलना विलीनीकरणाच्या गडबडीत चांगलेच फावते.

उद्यम नोंदणीची (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीची) खूणही जपा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नव्या सिस्टीमने सगळ्यांना सरसकट ६० दिवसांची मुदत लावली, तर कायदा मोडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुने कोड एका रात्रीत बंद करणे

सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. शाखांच्या आयएफएससी कोडमधली पहिली चार अक्षरे बदलली आणि शाखा क्रमांकात १०,००० मिळवले गेले, त्यामुळे दोन बँकांचे क्रमांक एकमेकांवर आदळले नाहीत. जुने कोड ३० जून २०२१ पर्यंत चालले. व्हेंडर कोड बदलतानाही हेच करा. ठराविक आकडा मिळवा, जुना-नवा कोड दाखवणारा तक्ता कायम ठेवा आणि काही महिने दोन्ही कोड स्वीकारा.

एक्सेल आणि जुने मराठी फॉन्ट

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल डबल क्लिक करून उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये जातात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहते, म्हणून १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. रकाना टेक्स्ट म्हणून आयात करा आणि आधी-नंतरची लांबी मोजा.

पत्ते श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर ते नव्या सिस्टीममध्ये रोमन अक्षरांचा कचरा दिसतात. डेटा खराब झालेला नसतो. फाइलमध्ये आधीपासून तीच चिन्हे होती, मराठी रूप फक्त फॉन्ट देत होता. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून आधी युनिकोडमध्ये आणा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेली नावे डोळ्यांनी तपासा, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. मग रकान्याची रुंदी बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. एकट्या ‘महाराष्ट्र’ला ३० बाइट लागतात, त्यामुळे ४० बाइटच्या रकान्यात पत्ता अर्ध्यावर तुटतो.

बेरीज जुळली म्हणून निश्चिंत होणे

दोन पार्ट्यांची बाकी अदलाबदल झाली, तरी ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा) जुळतोच. पार्टीनिहाय बाकी आणि थकबाकीचे दिवस स्वतंत्र ताडा. त्याआधी शब्दांचे अर्थ लिहून काढा. एका कंपनीचा ‘चालू ग्राहक’ म्हणजे वर्षभरात खरेदी केलेला, तर दुसरीचा म्हणजे खाते बंद न केलेला. एकीकडे साठा बॉक्समध्ये मोजतात, दुसरीकडे नगांत. मग दोन्ही सिस्टीम शेजारी उघडून २५ नोंदी ओळीने वाचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळ्यात जास्त चुका यातच सापडतात.

फक्त डेटाची चाचणी घेणे

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहक जुन्या मालकाच्या, लॉइड्सच्या, सिस्टीमवरून नव्या मालकाच्या, साबादेलच्या, प्रणालीवर नेले. डेटा नीट पोहोचला, कोलमडली ती प्रणाली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना खाती उघडता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. म्हणून रंगीत तालीम पूर्ण डेटावर आणि सोमवार सकाळच्या गर्दीएवढ्या भारावर घ्या. मागे फिरण्याची शेवटची वेळ घड्याळात ठरवा.

नेटवर्क जोडण्यापूर्वी समोरच्याची सुरक्षा तपासा. मॅरियट या हॉटेल कंपनीने २०१६ मध्ये स्टारवूड ही दुसरी हॉटेल कंपनी घेतली तेव्हा तिच्या आरक्षण प्रणालीत हॅकर २०१४ पासून बसलेले होते. ते २०१८ मध्ये कळले.

जुना सर्व्हर लगेच काढून टाकणे

कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. नुसती व्हाउचर कॉपी करू नका, बदलांची नोंद ठेवणारा एडिट लॉगही जपा. बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशीनवर सुरू करा, सर्वांत जुन्या वर्षातले एक बिल शोधून छापा, आणि मगच जुन्या सर्व्हरची वायर काढा.