गायक-वादकांवर विकिपीडियात लिहिताय? संदर्भांच्या या चुका टाळा

मराठी विकिपीडियावर गायक-वादकांचे लेख तपासायला बसलं की एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. वाक्याच्या शेवटी संदर्भाचा आकडा असतो, दुवा उघडतो, बातमीत तेच वाक्य सापडतंही, आणि तरी माहिती चुकीची निघते. लिहिणाऱ्यानं 'कुठेतरी छापून आलंय' एवढंच पाहिलेलं असतं. छापणाऱ्याला ते कुठून कळलं, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

सगळ्यात घातक म्हणजे गोल फिरून आलेला संदर्भ. काही वर्षांपूर्वी संगीत नाटकांत गाजलेल्या एका गायिकेच्या लेखात वाक्य होतं की अमुक खाँसाहेबांकडे तिनं बारा वर्षं तालीम घेतली. संदर्भ एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचा. मी पुढे गेलोही असतो, पण खाँसाहेबांच्या गावाचं नाव पुरवणीत ज्या पद्धतीनं चुकलं होतं, अगदी तसंच ते आपल्या लेखातही चुकलं होतं. लेखातले जुने बदल दाखवणारं 'इतिहास पहा' उघडलं. ते वाक्य कुणा अनामिक सदस्यानं टाकलं होतं, संदर्भाशिवाय, पुरवणी निघण्याच्या दोन वर्षं आधी. म्हणजे पुरवणीनं ते आपल्याकडून उचललं, आणि नंतर कुणीतरी त्याच पुरवणीचा दाखला देऊन 'संदर्भ हवा'ची खूण काढून टाकली. शेवटी एका ग्रंथालयात तिच्या सत्काराची जुनी स्मरणिका मिळाली. त्यातल्या मुलाखतीत ती स्वतःच सांगते: तालीम जेमतेम दीड वर्ष झाली आणि खाँसाहेब वारले. मी वाक्य बदललं, चर्चा पानावर कारण लिहिलं. तरी तीन महिन्यांत ती बारा वर्षं दोनदा परत आली, कारण तोवर ती चार ब्लॉगांवर आणि एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत जाऊन बसली होती.

तेव्हापासून मी वाक्य लेखात कधी आलं आणि बातमी कधी छापली, या दोन तारखा शेजारी लिहून पाहतो. बातमी नंतरची असेल तर तिच्यावर विसंबत नाही. त्याआधीचं काहीतरी शोधतो: मुलाखत, गौरवग्रंथ, 'संगीत कला विहार'सारख्या मासिकाचा जुना अंक. आणि एका वाक्याला पाच-सहा दुवे चिकटवू नका. एकाच प्रसिद्धिपत्रकावरून पाच दैनिकांनी बातमी केली असेल, तर तो संदर्भ एकच.

दुसरी चूक जन्मसालाची. किशोरी आमोणकरांचं जन्मसाल कुठे १९३१ तर कुठे १९३२ छापलेलं आढळतं, आणि नवे सदस्य आपल्याला पहिलं सापडलेलं साल खरं धरून दुसरं पुसत सुटतात. असं करू नका. दोन्ही सालं आपापल्या संदर्भासह द्या. एका वर्षाचा फरक दिसला की मी आधी शालिवाहन शक तपासतो. जुन्या घरांतून तिथी आणि शक सांगायची पद्धत होती. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारी उजाडल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८४३ चा चैत्र १९२१ मध्ये येतो आणि त्याच शकातला माघ १९२२ मध्ये. माघात जन्मलेल्या कलाकाराचं साल सरसकट ७८ मिळवून काढलं की तो एक वर्षानं मोठा होतो, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक चरित्रात उतरते.

पुरस्कारांच्या सालातही हीच गडबड. भीमसेन जोशींच्या भारतरत्नाची घोषणा ४ नोव्हेंबर २००८ ची, पण सरकारी यादीत साल २००९. घोषणेचं साल कोणतं आणि यादीतलं कोणतं, हे वाक्यातच स्पष्ट लिहा. पद्म पुरस्कारांसाठी वर्तमानपत्र चाळत बसू नका, गृह मंत्रालयाची यादी उघडा.

केसरबाई केरकरांचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. अवकाशात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांचं भैरवीतलं 'जात कहाँ हो' आहे, ही गोष्ट दंतकथेसारखी वाटते, पण ती पूर्णपणे पक्की आहे. उलट 'सूरश्री' ही पदवी त्यांना कुणी दिली, ही साधी वाटणारी बाब अवघड आहे. कुठे रवींद्रनाथ टागोरांचं नाव येतं, तर कुठे १९४८ मध्ये कलकत्त्याच्या एका समितीनं दिली असं. घाईत दोन्ही जोडून '१९४८ मध्ये टागोरांनी' असं लिहिलं तर ते अशक्यच, कारण टागोर १९४१ मध्ये गेले. म्हणून लेखाला हात घालण्यापूर्वी कागदावर सनावळी मांडा. गुरू, आश्रयदाते, पदवी देणारे, सगळ्यांचे जन्म-मृत्यू त्यात घाला. अर्धा तास लागतो, आणि तो वाचवणाऱ्यांचे लेख नंतर दुसऱ्यांना निस्तरावे लागतात.

नावं नीट पाहा. बाल गंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व या चार वेगळ्या व्यक्ती आहेत. जुन्या बातमीत नुसतं 'गंधर्व' दिसलं तर आधी बातमीचं साल बघा.

यूट्यूबवर चाहत्यानं लिहिलेलं रागाचं नाव संदर्भ म्हणून चालणार नाही. कलाकाराच्या संकेतस्थळावरून शिक्षण किंवा ध्वनिमुद्रिकांची यादी घ्या, थोरवी घेऊ नका. इंग्रजी विकिपीडियाचा लेख अनुवादित करताना त्यातले संदर्भ न उघडता आणणं मला अप्रामाणिक वाटतं. तुम्ही न वाचलेल्या पुस्तकाची साक्ष तुम्ही काढताय. एआयनं दिलेल्या संदर्भाचं पान स्वतः पाहिल्याशिवाय तो लेखात घालू नका. नसलेली पुस्तकं आणि नसलेले पृष्ठांक त्यात सर्रास येतात.

ज्या वाक्याला आधार मिळत नाही, ते धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या आपल्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, राहू द्या. माझ्या धूळपाटीवर एका सारंगीवादकाची माहिती तीन वर्षं पडून होती. गेल्या महिन्यात आकाशवाणीच्या 'द इंडियन लिसनर' या नियतकालिकाचे जुने अंक पाहताना मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत त्यांचं नाव दिसलं, तारीख आणि वेळेसकट. तेवढं एक वाक्य लेखात गेलं. बाकीचं अजून धूळपाटीवरच आहे.