फ्लूची लस घेताना या चुका टाळा

गणपती चार दिवसांवर आले की दवाखान्यात फ्लूच्या लशीसाठी गर्दी होते. चाकरमानी येणार, घरात लहान मूल, म्हातारी आई. म्हणून आज टोचा, उद्यापासून निर्धास्त! असं होत नाही. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्यात कोणी खोकत आलं आणि ताप चढला, की बोल लशीला. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यातून फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण असते, बस. मी घरच्यांना मृग लागायच्या आत टोचून घेते. दरवर्षी.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. मागे एका काकांनी शहरातून स्वस्तात लस आणली, ती सुरमईच्या पेटीत, बर्फाला चिकटवून. वर मलाच म्हणतात, "थंड ठेवूक सांगल्यानी मा, म्हणान बर्फातच घातलंय!" लस २ ते ८ अंशांतच हवी. गोठली की वाया, मग ती वितळून दिसायला कितीही स्वच्छ असो. मी ती टोचली नाही, काका रागावून गेले. जाऊ देत. जिथे टोचायची तिथलीच लस घ्या, आणि रात्रभर लाइट गेली होती का, हे विचारायला लाजू नका.

अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून लस टाळू नका. आधीच्या फ्लूच्या लशीने श्वास कोंडला असेल, तर मात्र आधी सांगा.

लशीने गिलियन-बारे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) होतो, असे मेसेज फिरतात. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर लाखामागे साधारण एक जादा रुग्ण आढळला, हे खरं. आताच्या लशींत तो धोका, असलाच तर, दहा लाखांत एक-दोन. खुद्द फ्लूनंतरही हा आजार होतो, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

दरवर्षी लस घेतो म्हणून महामारीची काळजी नाही, हेही चूक. २००९ च्या नव्या विषाणूसाठी वेगळी लस करावी लागली. आपल्याकडे बनलेली २०१० मध्ये आली. तोवर मास्क आणि आजाऱ्याला वेगळी खोलीच. घरात थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्या असू द्या. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून विषाणू अडत नाही.

ताप आल्यावर उरलेलं अँटिबायोटिक गिळू नका. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि लावणीच्या चिखलात उतरला असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. लेप्टोही (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा आजार) असाच ताप आणि अंगदुखी घेऊन येतो, त्याचे उपचार वेगळे.