लेझर मशीनवर अक्षरे तिरकी येत असतील तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घराची लाकडी पाटी करताना पुष्कळदा वरच्या ओळीत मराठी आणि खालच्या ओळीत कन्नड नाव कोरावे लागते. मशीन किंचित तिरके चालत असेल तर ते प्रथम मराठी ओळीत कळते, कारण शिरोरेषा पाटीच्या वरच्या कडेलगत सरळ धावते आणि एका मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना खुपतो. कन्नडच्या गोल वळणांत तोच दोष लपून जातो. त्यामुळे चाचणीसाठी नेहमी शिरोरेषेचा मजकूर घ्यावा.

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी टाकाऊ प्लायवूडवर २०० मिलिमीटरचा चौकोन कोरावा आणि पोलादी पट्टीने त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. प्रत्येक कर्ण २८२.८ मिलिमीटर भरला पाहिजे. दोन्ही कर्ण समान असूनही पाटीवरचा मजकूर तिरका येत असेल, तर पाटी बेडवर वाकडी ठेवली गेली आहे, किंवा तिची कडच सरळ नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून कड गुण्या लावून तपासावी.

कर्ण असमान असतील तर गॅन्ट्री, म्हणजे लेझर हेड वाहून नेणारी आडवी पट्टी, काटकोनात नाही. गेल्या पावसाळ्यात सागवानी पाटी कोरताना माझ्या मशीनवर एक कर्ण २८२ आणि दुसरा २८३.५ मिलिमीटर भरला. मी आधी फाइलमध्येच मजकूर उलट दिशेने फिरवून पाहिला. हे कधीही करू नये, कारण त्याने आडव्या रेषा सरळ होतात, पण उभ्या रेषा तिरक्या होतात. मशीन बंद करून, प्लग काढून, गॅन्ट्री हाताने पुढच्या चौकटीपर्यंत सरकवली, तेव्हा डावी बाजू टेकली आणि उजवीकडे सुमारे २ मिलिमीटरची फट राहिली. उजव्या पुलीचा ग्रब स्क्रू, म्हणजे पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, सैल होता. दीड मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने तो आणखी सैल करून, दोन्ही बाजू टेकवून, स्क्रूचे टोक शाफ्टच्या सपाट बाजूवर बसेल असे पाहून पुन्हा आवळला. दोन्ही बेल्टचा ताणही सारखा हवा. बोटाने छेडल्यावर दोन्हींचा आवाज जवळपास एकच आला पाहिजे.

मजकुराचा पूर्वार्ध सरळ आणि तिथून पुढचा सगळा भाग बाजूला सरकलेला असेल, तर मोटरच्या पायऱ्या, म्हणजे ती ज्या ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरते ते टप्पे, चुकत आहेत. वेग आणि त्वरण कमी करावे (ग्रबल या मशीन चालवणाऱ्या प्रणालीत त्वरणाच्या सेटिंगचे क्रमांक १२० आणि १२१ आहेत), आणि एखादी वायर हेडला ओढत नाही ना, हेही पाहावे.

चौकोनाची एकच बाजू २०० ऐवजी १९८ भरत असेल, तर तो तिरकेपणा नव्हे. त्या अक्षाच्या सेटिंगमधले प्रति मिलिमीटर पायऱ्यांचे मूल्य, समजा ८०, २०० ने गुणून १९८ ने भागावे आणि येणारे ८०.८१ तेथे भरावे.

दुरुस्तीनंतर नवा चौकोन कोरून कर्ण पुन्हा मोजावेत. ते जुळले की पुली आणि शाफ्ट यांच्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे अक्षरे पुन्हा तिरकी आली, तर आधी ती रेघ तुटली आहे का ते पाहावे.